दिवाणातली खोकी

माझी नोकरी अंबडला, घरही तिकडेच. आई इंदिरानगरमध्ये एकटी राहते. स्कूटरवर पंधरा मिनिटांचं अंतर, तरी जाणं व्हायचं नाही. म्हणून मी मोबाइलवरून तिला वस्तू पाठवायला लागले. गरम पाण्याची पिशवी, न घसरणाऱ्या चपला, गुडघ्याचा पट्टा. पार्सल पोचल्याचा मेसेज आला की फोन करायचे. "मिळालं गं, छान आहे," ती म्हणायची, आणि मी कामाला लागायचे.

गेल्या थंडीत ती तापाने पडली, तेव्हा रजा काढून गेले. तिचे पाय दुखत होते. शेकायची पिशवी शोधायला दिवाण उघडला, तर गोधड्यांशेजारी सहा खोकी रचून ठेवलेली. सगळी बंद. एकाची चिकटपट्टी कोपऱ्यात थोडी कुरतडल्यासारखी दिसत होती.

"आई, हे काय?"

"उघडता येत नाहीत गं," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "बोटं वळतात कुठे आता? एकदा सुरी घेऊन बसले, ती हातातून सटकली. मग नाद सोडला."

"शेजारच्या काकूंना सांगायचंस ना."

"पहिलं पार्सल त्यांच्याकडेच नेलं होतं. तिथे चार बायका बसलेल्या. त्यांनी खोकं फोडलं, आत डायपर."

तिच्या ऑपरेशननंतर ते मीच मागवले होते. त्यानंतर तिने कुणालाच काही उघडायला सांगितलं नाही.

मी कात्री घेऊन खाली बसले. खोक्यात खोकं, त्यात फुग्यांचं प्लास्टिक, आणि पिशवीवर असं जाड कवच की कात्री निसटून माझाच अंगठा कापला. आई उठून बसली. "बघ, तुलाही जमत नाही," म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, सुटल्यासारखं काहीतरी होतं.

चपला एक नंबर लहान निघाल्या. कंपनीला फोन लावला.

"मॅडम, परत करायची मुदत दहा दिवसांची होती."

"अहो, तिला खोकं उघडताच आलं नाही."

"पण पार्सल मिळाल्याचं दिसतंय, मॅडम."

फोनवरच्या त्या मुलीचं काही चुकत नव्हतं. पट्ट्यांवर पट्ट्या चिकटवणाऱ्यांवर मात्र मी दोन दिवस चिडून होते. म्हाताऱ्या हातांचा विचारच करत नाहीत, म्हणून. मग लक्षात आलं, मीही एवढंच विचारत होते, मिळालं का. वापरलंस का, असं एकदाही विचारलं नव्हतं.

बरी झाल्यावर तिला द्वारका चौकाजवळच्या चपलांच्या दुकानात नेलं. तिने सहा जोड घालून पाहिले, प्रत्येक वेळी दारापर्यंत चालून आली. मी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी तिने तपकिरी जोड घेतला.

वस्तू अजूनही मागवते, पण पत्ता माझा देते. रविवारी उघडून, पुसून घेऊन जाते. एखादा रविवार चुकतो. मग ती फोनवर सरळ रागावते, आणि मला ते बरं वाटतं.