ओली काडी

पालघरच्या कॉलेजात इतिहास शिकवताना एका प्रश्नाचा मला कायम राग येत आलाय: ‘जपान आणि युरोपातील सरंजामशाहीची तुलना करा.’ मुलं दरवर्षी तेच उत्तर ओकतात. युरोपात धनी आणि मांडलिक यांच्यात करार, जपानात बापलेकासारखी निष्ठा. जपानी योद्धेही वेळ पडली की धनी बदलत, हे कोणी लिहीत नाही. लिहिलं तर मार्क जातील, ही भीती.

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्या घरातच आला. समुद्राकडच्या गावात आमची चिकूची वाडी आहे. मनोरच्या बाजूच्या पाड्यावरून आलेले एक काका माझ्या जन्माआधीपासून तिथे राबायचे. त्यांची मुलगी बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, राहायला सालवडला. तिशी ओलांडल्यावर तिने बाहेरून बीएला नाव घातलं होतं. रविवारी ती माझ्याकडे अभ्यासाला यायची.

तेव्हा काकांचे गुडघे पार गेले होते. मुलीला त्यांना आपल्याजवळ न्यायचं होतं, त्यांनाही जायचं होतं. पण माझ्या वडिलांना सांगायचं कसं? काकांनी तीनदा हिय्या केला. तीनदा ओटीवर येऊन म्हणाले, “शेट, रजा द्या.”

तीनदा वडील म्हणाले, “घे की चार दिस.”

काका चार दिवस जायचे आणि पाचव्या दिवशी झाडांना पाणी घालायला हजर! कायमच्या निरोपालाही रजा आणि सुट्टीलाही रजा; या एका शब्दाने त्या माणसाचा घात केला होता. वडिलांना कळत नव्हतं असं मुळीच नाही; पण झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं कोण करणार? आणि मी तरी कुठे धड होते! काकांना ‘आमच्या घरचेच’ म्हणताना तोंड दुखायचं नाही, पण त्यांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टर गाठावा, हे मला कधी सुचलं नाही. त्याची आजही लाज वाटते.

एका रविवारी मी त्यांच्या मुलीला तो नावडता प्रश्न शिकवत होते. म्हटलं, “युरोपात मांडलिक आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत द्यायचा. म्हणजे आजपासून मी तुझा. पुढे धन्याने शब्द पाळला नाही, तर काही ठिकाणी त्याच्यासमोर काडी टाकून तो मोकळा व्हायचा.”

ती खुदकन हसली. “बाई, म्हंजे काडीमोड!”

नवरा-बायको वेगळे होतात त्याला आपल्याकडे काडीमोड म्हणतात. इतकी वर्षं हा धडा शिकवून मला हे कधी दिसलं नव्हतं. मीही हसले.

“आनि जपानात?” तिने विचारलं.

“पुस्तकात तरी तिथे काडी नाही.”

तिने ते वहीत लिहून घेतलं. मग हळूच म्हणाली, “मग माजा बाबा जपानीच हाय, बाई. त्याला कोनी काडीच दिली नाय.”

तिने तो धडा बापाला सांगितला असणार, कारण पुढच्या रविवारी दुपारी काका तिच्यासोबत ओटीवर आले आणि चिकूची एक काडी त्यांनी वडिलांसमोर ठेवली.

“शेट, ही मोडा नि मला सोडा.”

वडिलांनी डोळे बारीक केले. “काडीमोड? अरे, आपलं लगीन कवा झालं?”

“लगीन नाय झालं,” काका म्हणाले, “पन संसार झाला ना.”

वडिलांनी काडी उचलली. त्यांच्या हातांना कंप आहे, काडी धरवेना. दोनदा खाली पडली. तेव्हा काका गुडघे सांभाळत त्यांच्यासमोर बसले आणि वडिलांचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले. यातला धनी कोण आणि मांडलिक कोण, असं परीक्षेत विचारलं असतं, तर मी नापास झाले असते.

दोघांनी मिळून जोर लावला. काडी वाकली, तिच्यातून पांढरा चीक आला, चारही हातांची बोटं चिकट झाली. पण मोडली नाही. आख्खी हयात झाडांत काढलेल्या माणसाने ओली काडी आणली होती.

“ओली हाय रे,” वडील म्हणाले. “वाळली की मोडू. तवर तू जा. लेकीकडं जा.”

काका त्याच संध्याकाळी सालवडला गेले. काडी वडिलांच्या उशाशी खिडकीत आहे. ती केव्हाच वाळली, पण वडील तिला कोणाला हात लावू देत नाहीत.