चॅनलकाकांचा निसटलेला स्क्रू

आपली फजिती तुम्ही कधी जाणूनबुजून चारचौघांना दिसू दिली आहे का? खरं सांगा. आमचे चॅनलकाका जगाकडून एवढंच मागायचे, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी हात टॉवेलखाली लपवले.

काका जयगडच्या बंदरात फिटर होते. निवृत्त होऊन पावस गावात आमच्या शेजारी राहायला आले आणि लोकांना व्हिडिओ चॅनल सुचवू लागले, वैद्याने पुड्या द्याव्यात तसे. एक वहिनी सासूला कंटाळून रडत आल्या, तर म्हणाले, "गंजलेल्या कात्र्यांना धार लावणारा एक बाबा आहे, तो लाव. तोंडातून शब्द काढत नाही. जेवल्यावर बघ, बरं वाटेल." मी चळवळीतल्या घरात, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढलेली बडबडी मुलगी. मला त्यांनी होडी बांधणाऱ्या दोघा भावांचा चॅनल दिला. "बघ गो, कामात असलेली माणसं किती कमी बोलतात!"

शिफारशीला अट एकच. "काम बिघडलेलं दाखवतो, त्याचाच चॅनल लावायचा. सगळं गुळगुळीत दाखवतो तो मेला काहीतरी विकायला बसलाय." हे वाक्य पत्रकात छापावं, असं मला वाटायचं.

गणपतीत काकांच्या घरी हलता देखावा असे. भंगारातली वायपरची मोटर, सायकलची चेन आणि त्यावर वल्ही मारणारे पुठ्ठ्याचे खलाशी. गेल्या वर्षी मी म्हटलं, "काका, आता तुमचाच चॅनल काढू." ते इतके खुलले, की इस्त्रीचा शर्ट घालून कामाला बसले.

मी मोबाइल धरला आणि तेव्हाच मला त्यांच्या हातांचा कंप दिसला. चारचौघांत ते चहाचा कप कट्ट्यावरच का राहू देतात, ते त्या क्षणी कळलं. मोटरचा स्क्रू निसटला. त्यांनी उचलला, पुन्हा निसटला. कान लाल झाले त्यांचे.

"हे काप."

"पण काका, तुमचीच अट आहे ना..."

"अट लोकांसाठी! काप म्हटलं ना!" आणि त्यांनी मांडीवरचा टॉवेल हातांवर ओढला.

एरवी तत्त्वासाठी मी कुणाशीही भांडते. त्या चेहऱ्याशी भांडवेना. मी कापलं. व्हिडिओत काकांचे हात कसे दगडासारखे स्थिर! गावभर कौतुक झालं.

गणपतीत इब्राहिमभाई देखावा बघायला आले. काकांचे बंदरातले जुने सोबती. फावल्या वेळात लाकडाची छोटी गलबतं करणारे. खलाशांकडे बघत ते म्हणाले, "तुझा व्हिडिओ बघितला रे. या वयात काय हात चालतो! माझा थरथरायला लागलाय. तुझा बघितला नि लाज वाटली. हत्यारांची पेटी भाच्याला देऊन टाकली."

काका त्यांच्यासाठी मोदकांची ताटली घेऊन उभे होते. ताटली वाजू लागली. त्यांनी ती खाली ठेवली आणि दोन्ही हात इब्राहिमभाईंसमोर धरले.

"हे बघ. मी कापायला लावलं. मलाही लाजच वाटली."

"मेल्या," इब्राहिमभाई म्हणाले, "मग मी पेटी उगाच दिली?"

"जा, परत आण. आणि गो, तू तो पडलेला स्क्रू व्हिडिओत परत जागेवर लाव."

मी तसाच्या तसा व्हिडिओ पुन्हा टाकला. त्यात वर बघून माझ्यावर ओरडणारे काकाही आहेत.

दिवाळीनंतर लेक त्यांना मुंबईला घेऊन गेली. आता कपही धरवत नाही म्हणे. पण शिफारशी बंद नाहीत. बोलून संदेश पाठवतात. परवा आला तो इब्राहिमभाईंच्या नव्या चॅनलचा. गलबताचं शीड चिकटवताना शीड राहिलं बाजूला, दोन बोटंच चिकटली आहेत. खाली काकांचा शेरा : "हा लाव. फार छान बिघडवतो."

मी हसले, आणि मग लाज वाटली. सत्यावर पत्रकं वाटणाऱ्या मी ते कापायचं बटण किती पटकन दाबलं होतं, आणि त्यापायी एका माणसाची पेटी घराबाहेर गेली होती.

तुमच्याही घरात टॉवेलखाली लपवलेले हात असतील. आज त्यांच्या पुढ्यात एखादं बंद पडलेलं यंत्र ठेवा आणि समोर मोबाइल धरून बसा. स्क्रू पडला, तर व्हिडिओ थांबवू नका. तो पुन्हा उचलला जाईपर्यंत हात स्थिर ठेवा, निदान तुमचा.