गुरुवारची कोंबडी

माझी मोठी बहीण क्षमाताई लहानपणी आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात माझ्यासोबत मारामारीचा गेम खेळायची. दोघं मिळून गुंडांना बदडायचो. पिंप फोडलं की कधी भाजलेली कोंबडी निघायची. ती उचलली की लाईफ भरायची. पण गुरुवारी ताई तिला हात लावत नसे. उपास असायचा. मरायची बिचारी, आणि मी एकटा मार खायचो.

"अवं ताई, खोटी कोंबडी हाय ते! काहून मरून राहिली?" मी दुकानभर ओरडायचो.

"उपास तर खरा हाय ना," ती म्हणायची.

यंदा ताईचं मोठं ऑपरेशन झालं. नंतर महिनाभर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, ताट समोरून परत पाठवायची. परवा चौबे कॉलोनीतल्या तिच्या घरी मी तोच गेम लॅपटॉपवर लावला आणि एक रिमोट तिच्या हातात कोंबला. तिची लाईफ संपत आली होती, तेवढ्यात पिंपातून कोंबडी निघाली. मी सवयीनं उचलायला धावलो. ताईनं माझ्याआधी उचलली.

"ताई, आज गुरुवार हाय."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "चाल समोर, गुंड येऊन राहिले."