हवालदाराच्या वावरातली वाट

लष्करी पोलिसात सारी नोकरी गाड्या अडवण्यात घालवलेला शिवशंकर आपल्या गावी, साखऱ्याला शेती करायला आला आणि कुणालाच अडवीना. याचा सगळ्यात जास्त संताप यायचा त्याच्या बायकोला, नीलाबाईला. पांदण, म्हणजे शेतांकडे जाणारी गाडीवाट, चिखलाने भरली की अर्धं गाव त्यांच्या सोयाबीनमधून गाड्या हाकायचं. आणि हा धुऱ्याच्या बांधावर उभा राहून रामराम घालायचा! म्हणे हवालदार!

यंदा शेजारच्या ग्यानबाने तहसीलीत अर्ज दिला, ही वाट पूर्वापार वहिवाटीची आहे, कायमची करून द्या. नीलाबाईच्या पायाखालची जमीन सरकली, आणि तीही चांगली काळीभोर. मालकाने कधी वाट अडवली असेल तर दावा टिकत नाही, असं तिला कुणीसं सांगितलं. तिने त्याच दिवशी बाभळीच्या काट्या ओढून वाट बंद केली. सांजेला ग्यानबाची बैलगाडी तिथे खोळंबलेली दिसताच शिवशंकर धावत आला आणि नुसत्या हातांनी काट्या उपसून फेकू लागला.

घरी त्याच्या तळहातातले काटे सुईने काढताना ती चिडून म्हणाली, “सारं गाव आपल्या वावरातून जाऊन राहिलं. तुमी काहून अडवत न्हाई?”

तो सुईकडे बघत सांगू लागला.

“कारगिलच्या लढाईत द्रासच्या रस्त्यावर माही ड्युटी व्हती. रस्ता एका गाडीपुरता. आधी दारूगोळा वर जाऊ द्यायचा, असा हुकूम. वरून जखमींची गाडी आली. डायव्हर हात जोडून राहिला, पन म्या गाडी सोडली न्हाई. ट्रकांची रांग सरली तवर आतलं पोरगं गेलं व्हतं. सायब म्हनले, बराबर केलं. बराबरच व्हतं, नीला.”

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. तिला आधी त्याचा राग आला, मग रडू आवरेना.

पुढच्या आठवड्यात तहसीलदार साहेब वाटेच्या पाहणीला आले. गाव गोळा झालं.

“ही वाट तुम्ही कधी अडवली होती का?” साहेबांनी विचारलं.

काट्या अजून धुऱ्यालगत पडलेल्या होत्या. हो म्हटलं असतं तर वावर वाचत होतं. शिवशंकरने उत्तर देण्याआधीच नीलाबाई पुढे झाली.

“न्हाई सायब. आमच्या हवालदारानं कधीच कुनाला अडवलं न्हाई.”

शिवशंकर मटकन धुऱ्यावर बसला आणि अख्ख्या गावासमोर ढसाढसा रडला.