साहेबांनी हातानं तोललेली डिस्क

आमचे साहेब मुंबईहून कॉम्प्युटरचं ट्रेनिंग घेऊन उतरले तेव्हा अर्धं नागपूर त्यांना पाहायला स्टेशनवर लोटलं होतं, असं ते स्वतः सांगत. मी होतो तिथं. एक हमाल होता, आणि तोही दुसऱ्याच कोणाची तरी पेटी शोधत होता.

संत्र्याच्या बागांची नोंद ठेवणारं आमचं ऑफिस. ऐंशीनंतर तिथं कॉम्प्युटर आला. त्याची डिस्क म्हणजे खिशात घालायची चीज नव्हे. थाळ्यांवर थाळ्या रचलेलं चक्र, वर प्लास्टिकचं झाकण. उचलताना पैलवानाची कंबर लचकावी. अशा दोन डिस्का, जुळ्या बहिणींसारख्या. एकीवर चालू काम, दुसरीवर नक्कल. मशीनला इतकंच कळे: डावीकडची वाचायची, उजवीकडच्या डिस्कवर उतरवायची. डावीकडे कोणती ठेवायची, हे अक्कल असलेल्या माणसानं ठरवायचं. ते काम साहेबांकडे होतं.

साहेबांनी ‘असली’ आणि ‘नक्कल’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या त्या झाकणांवर. दसऱ्याला दोन्ही झाकणं उतरवून मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू चढवला, आणि हाती येईल ते झाकण दिसेल त्या डिस्कवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी टायपिंगच्या बाई पिशवी भरूनच आल्या. पोळ्यापासून नरखेडकडच्या गावोगावच्या बागा त्यांनी एकटीनं मशीनमध्ये भरल्या होत्या. भिवापूरला बहीण बाळंत व्हायची होती, घरात दुसरं बाईमाणूस नाही. साहेबांची अट एकच: नक्कल झाली की सुट्टी.

साहेब झाकणांपाशी घुटमळले. मी म्हणालो, “साहेब, आधी मशीनवर यादी काढून पाहा ना, कोणत्या डिस्कवर काय आहे ते.”

“यादी नवशिके काढतात,” साहेब म्हणाले. आणि लकडगंजच्या अडत्यानं पोतं जोखावं तशी त्यांनी एकेक डिस्क उचलून पाहिली. डोळे मिटले. “ही जड आहे. भरलेली हीच.”

“काहीतरीच साहेब!” बाई म्हणाल्या. “इतक्या बागा ओतल्या तिच्यात, मंग माह्या बोटाचं वजन काहून कमी नाही झालं?”

“बाई, मुंबईत असंच करतात.”

“मंग मुंबई आतापर्यंत बुडाली काहून नाही?”

साहेबांनी ‘जड’ डिस्क डावीकडे बसवली. मशीन भिवापूरपर्यंत ऐकू जाईल असं घरघरलं. थांबल्यावर मी यादी काढली. दोन्ही डिस्कांवर पोळ्याआधीच्याच बागा. अख्खा नरखेड तालुका पुसून साफ.

साहेबांचा चेहरा बदलला नाही. त्यासाठी आत काही हालावं लागतं.

“बाई, पुन्हा भरा. सुट्टी रद्द.”

बाईंनी बागांच्या कागदांचा गठ्ठा उचलून साहेबांच्या टेबलावर आदळला. “नक्कल झाली की सुट्टी, असं म्हणलं होतं तुमी. झाली ना नक्कल? दोन्ही डिस्का एकसारख्या हायेत. चालली मी.”

आणि पिशवी उचलून गेल्यासुद्धा. बस मिळाली, बहिणीला मुलगी झाली.

दिवाळीनंतर बाई पेढे घेऊन परत आल्या, तेव्हा साहेब एका बोटानं टाइप करत अजून पहिल्याच गावात अडकलेले. डाव्या हातानं त्यांनी पेढा घेतला आणि मला विचारलं, “अहो, हे ‘के’ अक्षर कुठे ठेवलंय?”

“असेल तिथंच,” मी म्हणालो, आणि चहाला निघून गेलो.