रस्त्यावरची राखेची रेघ

चार वर्षांमागं माझा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा आमच्या हिरडोशीत कुणी त्याला आजार म्हटलं न्हाई. भैरोबाचं वारं आलं म्हणाले. लोक पाया पडायचे, हातावर भंडारा टाकायचे, हरवलेल्या जनावराचं विचारायचे. शाळेत मी दुसरीच्या पुढं गेलो न्हाई. असा मान जलमात पहिल्यांदा मिळत होता. भोरच्या डॉक्टरनं पार्किन्सन सांगितला, गोळ्या दिल्या. गोळीनं हात निवायचा. म्हणून देवळात बसायच्या दिवशी, रविवारी, मी गोळी घेतच नव्हतो. हे आज कबूल करतोय.

सुनेला संशय आला असावा. तिनं मला मोबाईलवर याच आजाराच्या लोकांच्या बैठकीत बसवलं. “मामंजी, समदी तुमच्यासारखीच हायती.”

“माज्यासारखा येकच हाय,” म्या म्हणालो.

पडद्यावर बारा चेहरे. एकाचीही पापणी लवत न्हाई, देव्हाऱ्यात देवांचे चांदीचे टाक मांडल्यागत. व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या, “पाय जमिनीला चिकटला तर ओढू नका. पुढं रेघ आहे असं समजा आणि ओलांडा.” म्या मोबाईल पालथा घातला.

पुढच्या रविवारी तसाच, गोळी न घेता निघालो. धुकं असं की दहा पावलांपुढचं दिसेना. घाटरस्त्याच्या मधोमध पाय रुतले. जीव म्हणतोय चल, पाय दगडाचे. वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. हाक मारावी तर आवाज फुटेना. तेवढ्यात पायापुढं राखेची रेघ दिसली, भिजल्या डांबरावर कोरडी. आमच्याकडं अशी भारलेली रेघ वाटेत दिसली की माणूस वळसा घालतो, ओलांडत न्हाई. म्याही कधी ओलांडली नव्हती. कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं, “वलांड.” आवाज ना बाईचा, ना बाप्याचा.

“भैरोबा, तुज्या हवाली,” म्हणालो आन पाय उचलला. उचलला गेला, दुसराही आला. मागनं एसटी गेली, तिचा वारा धोतराला लागला. वळून बघितलं तर रस्ता काळाभोर. राख न्हाई, माणूस न्हाई. पाय मात्र बाई सांगत होत्या तसाच चिकटला होता, आजारानं.

देवळात शेजारची सखूआक्का नारळ घेऊन बसली होती. ती पाया पडायला वाकली, म्या तिला थांबवलं. “आक्का, ह्यो देव न्हाई. आजार हाय. मानासाठी म्या गोळी चुकवत हुतो.”

“आगं बया! मग माजी म्हस घावली ती?”

“तिची ती आली आसंल.”

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्या हसण्यासरशी चार वर्षांचा मान गेला, आन छातीवरचा धोंडाही उतरला.

आता गोळी वेळेवर घेतो. बैठकीत तोंड दाखवून बसतो. तेरावा टाक म्हणा. रेघ कुणी ओढली हे कुणाला विचारत न्हाई. ज्यानं ओढली त्याचे उपकार फिटायचे न्हाईत. मूर्तीपुढं हात जोडले की अजून थरथरतात. थरथरू देत. आता मी ते दाबूनही धरत न्हाई, मिरवतही न्हाई.