झपाट्यानं वाढणाऱ्या कंपन्या आणि आम्ही तिघं

आमचा अहवाल कधी पूर्ण होईल देव जाणे, पण किस्से मात्र दर फेरीला वाढतच चाललेत! अभ्यासाचा विषय, झपाट्यानं वाढणाऱ्या कंपन्या. टीम म्हणजे अर्थशास्त्राचे आमचे सर, समुद्रपूरचा प्रवीण आणि मी. वर्धा जिल्ह्यात फिरायचं, थोड्या वर्षांत मोठ्या झालेल्या कंपन्या शोधायच्या आणि मालकाला विचारायचं, एवढे वाढलात कसे? सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं!

* * *

पहिलीच कंपनी सिंदी मेघेची, ई-रिक्षाच्या बॉडी बनवणारी. आम्ही आत शिरलो तर मालकाचा चेहरा पांढराफटक. शटर अर्धं खाली, कामगार चिडीचूप. प्रवीणनं हात जोडले.

"काका, आम्ही धाड टाकाले नाई आलो. अभ्यास कराले आलो."

"कशाचा अभ्यास?"

"तुमची कंपनी एवढी भरभर काऊन वाढली, याचा."

काका मटकन खुर्चीत बसले. "धाडवालेही हेच इचारतेत ना बापा!"

* * *

सेलूजवळ दोघा भावांचा ठिबकच्या नळ्यांचा कारखाना आहे. मी सहज विचारलं, "शेवटचा निर्णय कोण घेतं?"

दोघं एकदमच बोलले, "मी!"

थोरल्याच्या जबड्याची हाडं दिसायला लागली. धाकटा उठला, दाराकडे गेला, परत फिरला. "आज पाहुण्यासमोर सांगूनच टाक दादा. मी कोण हाय इथं? नोकर?"

सरांनी मला डोळ्यांनी खुणावलं, पुढचा प्रश्न घे. पण मला पुढचा प्रश्न आठवेचना!

तेवढ्यात आतून त्यांची आई आली, हात पुसत. "दोघंही खोटं बोलून राह्यले, बाई. माझं नाव लिहा."

दोन्ही पोरं खाली मान घालून बसली. एकानंही 'नाही' म्हटलं नाही!

* * *

समुद्रपूरकडच्या जिनिंगचा प्रसंग आठवला की अजून अंगावर काटा येतो. मालक ऑफिसात रंगात येऊन बोलत होते आणि बाहेर ओरडा झाला, "आग! आग!" कापसाच्या गंजीनं पेट घेतला होता. मालकांचा भाऊ पलीकडच्या शेडमध्ये अडकलेला.

मालक धावले, त्यांच्यामागे प्रवीण. सर त्याला हाका मारत राहिले, मी पाण्याचा पाइप ओढायला लागले. धुरात दोघंही दिसेनासे झाले. किती वेळ गेला, मला आजही सांगता येणार नाही.

शेवटी धुरातून तिघं आले. भाऊ खोकत होता, पण चालत होता. प्रवीणच्या भुवया जळाल्या होत्या. सर त्याच्या खांद्याला धरून उभे राहिले.

आग विझली. मालक काजळी माखलेल्या तोंडानं माझ्यासमोर येऊन बसले. "हं, म्याडम. काय इचारत होत्या तुम्ही?"

मी कागद पाहिला. पुढचा प्रश्न होता, 'आपल्या व्यवसायाला सर्वात मोठा धोका कोणता वाटतो?'

म्हटलं, "झाले प्रश्न, भाऊ."

* * *

आणि केळझरच्या वंदनाताई! कापूस वेचणाऱ्या बायांसाठी खिशांचे कोट शिवतात. एका मशीनवर सुरुवात केली, आता मोठा हॉल आहे. आम्ही गेलो तेव्हा नागपूरचे एक व्यापारी करार घेऊन बसले होते. सगळा माल तेच उचलणार, दुसऱ्या कुणाला विकायचा नाही. शिवणाऱ्या बायांनी मशीन थांबवून कान इकडे लावलेले.

ताईंनी पेन उचललं आणि सरांकडे वळल्या. "सर, एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर वाढलेल्या कंपन्यांचं पुढं काय होते?"

सर गडबडले. "ताई, आम्ही सल्ला देत नसतो. फक्त अभ्यास करतो."

"मंग अभ्यासातलंच सांगा."

व्यापारी सरांकडे रोखून पाहू लागले. सर म्हणाले, "काही टिकतात. बऱ्याच... गिऱ्हाइकानं हात काढला की बसतात."

ताईंनी त्या बायांकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि कपबशी व्यापाऱ्यांपुढे सरकवली.

"चहा थंडा होऊन राह्यला, साहेब. घ्या लवकर. नागपूरची बस सुटन तुमची."

बाहेर त्यांची लांबलचक कार उभी होती!